वाचकांचे प्रश्न : गुस्ताव राडब्रुख आणि अन्यायी कायदा

प्रश्न : जर्मन कायदेपंडित गुस्ताव राडब्रुख हे काही काळ मंत्रीही होते, असे वाचनात आले. त्यांच्या राजकीय कारकिर्दीविषयी माहिती द्यावी. (एक वाचक, सातारा)

उत्तर : राडब्रुख यांचा जन्म २१ नोव्हेंबर १८७८ रोजी ल्युबेक येथे झाला. बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ फॉन लिस्ट यांच्याकडे फौजदारी कायद्याचा अभ्यास केला. शिक्षा ही सूड उगवण्यासाठी नसून गुन्हेगार सुधारावा आणि समाज सुरक्षित राहावा यासाठी असते, हा लिस्ट यांचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. हायडेलबर्ग आणि क्योनिग्सबेर्ग येथे अध्यापन करून पहिल्या महायुद्धानंतर ते कील विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या कामात उतरले. मार्च १९२० मध्ये प्रजासत्ताक उलथवण्यासाठी काप यांचे बंड झाले, तेव्हा कीलमधील बंडखोरांनी त्यांना अटक केली. बंड फसल्यावर तेच अधिकारी संतप्त कामगारांच्या तावडीत सापडले आणि त्यांचे प्राण वाचावेत म्हणून मध्यस्थी करणाऱ्यांत राडब्रुखही होते.

१९२० ते १९२४ या काळात ते जर्मन संसदेचे सदस्य होते आणि वीर्ट व श्ट्रेझेमान या चॅन्सेलरांच्या (सरकारप्रमुखांच्या) मंत्रिमंडळांत मिळून जेमतेम दीड वर्ष न्यायमंत्री होते. एवढ्या अल्प काळात झालेले काम मात्र थोडे नाही. जुलै १९२२ च्या कायद्याने जर्मनीत स्त्रियांना न्यायाधीश आणि वकील होण्याचा मार्ग खुला झाला. (आपल्याकडे नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्यासारख्या स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्यातला अडसर दूर करणारा कायदा त्याच्या पुढच्याच वर्षीचा, १९२३ चा.) फौजदारी संहितेचा त्यांनी १९२२ मध्ये तयार केलेला नवा मसुदा मृत्युदंडाला फाटा देणारा होता, तो मंजूर झाला नाही. मात्र त्याच वर्षी २४ जून रोजी परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांची बर्लिनमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर राडब्रुख यांच्याच कारकिर्दीत आलेल्या प्रजासत्ताक संरक्षण कायद्यात मृत्युदंडाची तरतूद होती. तत्त्वाने जगू पाहणाऱ्या माणसाला सत्तेत गेल्यावर किती अवघड निर्णयांची जबाबदारी घ्यावी लागते, हे यावरून कळते.

प्रश्न : राडब्रुख आधी ‘कायदा तो कायदा’ असे मानत आणि हिटलरच्या राजवटीनंतर त्यांचे मत पालटले, असे आम्हाला शिकवले जाते. कायद्याच्या शब्दाला बांधील राहण्याच्या सवयीमुळेच जर्मन न्यायाधीश हतबल झाले, असेही म्हणतात. हे कितपत खरे आहे? (कायद्याची एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : पहिले विधान अर्धे खरे आहे. १९३२ च्या ‘रेश्ट्सफिलोसोफी’ (कायद्याचे तत्त्वज्ञान) या ग्रंथात त्यांनी म्हटले होते की, स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध प्रवचन करणारा धर्मोपदेशक आपल्याला तिरस्करणीय वाटतो, पण मनाचा कौल बाजूला ठेवून कायद्याशी इमान राखणाऱ्या न्यायाधीशाचा आपण आदर करतो. मात्र न्याय, प्रयोजन आणि निश्चितता या तीन मूल्यांच्या ओढाताणीतून कायदा घडतो, हा विचारही त्याच ग्रंथात आहे. १९४६ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी हीच तीन मूल्ये कायम ठेवली आणि त्यांच्यातला तोल बदलला. लिखित कायदा अन्याय्य असला तरी एरवी तोच मानावा. परंतु न्यायाशी असलेला त्याचा विरोध असह्य थराला गेला, तर त्याने न्यायापुढे माघार घ्यावी. आणि जिथे समानता जाणूनबुजून नाकारली गेली, तिथे त्याला कायदा म्हणूच नये, अशी ती मांडणी आहे. तिला आज ‘राडब्रुख सूत्र’ म्हणतात. मे १९३३ मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून काढण्यात आले होते आणि त्यांचा मुलगा युद्धात स्टालिनग्राडच्या आघाडीवर मरण पावला होता, हे लक्षात ठेवून तो निबंध वाचावा.

दुसरे विधान खुद्द राडब्रुख यांचेच आहे. विधिप्रत्यक्षवादाने, म्हणजे रीतसर केलेला कायदा न्याय्य असो वा नसो, तो कायदाच, या विचाराने जर्मन कायदेपंडितांना मनमानी कायद्यांपुढे निःशस्त्र केले, असे त्यांनी त्याच निबंधात लिहिले. त्यांच्याविषयी मनात नितांत आदर असूनही मला हे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण त्यांच्याच कारकिर्दीत सापडते. प्रजासत्ताक संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमानुसार राजद्रोहात दोषी ठरलेल्या परकीय नागरिकाला देशाबाहेर घालवायचे होते. १ एप्रिल १९२४ रोजी म्युनिकच्या न्यायालयाने हिटलरला राजद्रोहासाठी पाच वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा तो ऑस्ट्रियाचा नागरिक होता. कलमाचे शब्द स्वच्छ होते. तरीही ज्याचे विचार आणि भावना इतक्या जर्मन आहेत त्याला ही तरतूद लागू होऊ शकत नाही, असे म्हणून न्यायाधीशांनी ती बाजूला सारली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हिटलर तुरुंगाबाहेर आला. हे न्यायाधीश कायद्याचे गुलाम नव्हते. प्रजासत्ताकाचा कायदा त्यांना मनापासून मान्यच नव्हता, म्हणून सोयीचा वाटला तेव्हा त्यांनी तो पाळला आणि गैरसोयीचा वाटला तेव्हा मोडला. ‘आम्ही फक्त कायदा राबवला’ ही सबब युद्धानंतर अनेक न्यायाधीशांच्या उपयोगी पडली आणि राडब्रुख यांच्या थोर नावाने तिला नकळत आधार मिळाला, याची खंत वाटते.

प्रश्न : हे सूत्र प्रत्यक्ष न्यायालयात कधी वापरले गेले का? (एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, नागपूर)

उत्तर : होय. परदेशी गेलेल्या ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारा नोव्हेंबर १९४१ चा हुकूम मुळापासूनच रद्दबातल होता, असे जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९६८ मध्ये ठरवले, ते याच विचाराच्या आधारे. पुढे एकीकरणानंतर, बर्लिनची भिंत शिडीने ओलांडू पाहणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणावर १९८४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोन सीमारक्षकांचा खटला सर्वोच्च फौजदारी न्यायालयापुढे आला. पूर्व जर्मनीच्या सीमा कायद्याने परवानगी दिली होती, हा त्यांचा बचाव ३ नोव्हेंबर १९९२ रोजी फेटाळला गेला. सीमेवरच्या हत्या आणि नाझींचे सामूहिक हत्याकांड यांना सरसकट एका मापाने मोजता येणार नाही, असे स्पष्ट करून न्यायालयाने सूत्राच्या जोडीला आंतरराष्ट्रीय मानवी हक्क करारांचा आधार घेतला. ही सावधगिरी मला योग्य वाटते, कारण ‘असह्य’ हा शब्द सैल वापरला तर न्यायाधीशाच्या मर्जीलाच न्याय म्हटले जाईल, आणि म्युनिकमध्ये नेमके तेच घडले होते.

हे निकाल पाहायला राडब्रुख नव्हते. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या बरोबर सहा महिने आधी, २३ मे रोजी, पश्चिम जर्मनीची नवी राज्यघटना जाहीर झाली होती आणि तिच्या १०२ व्या कलमाने मृत्युदंड रद्द केला होता. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या आपल्या मसुद्यातला तेवढा भाग खरा झालेला त्यांना पाहता आला.