बाळाच्या माकडहाडाजवळ खळी आहे, घरचे म्हणतात "काही नसतं". सोनोग्राफी करावी का?

मुलगी दोन महिन्यांची आहे म्हणता, मग करायची तर आत्ताच करा. या वयात मणक्यांची मागची बाजू कुर्चेची असते, त्यातून आतलं दिसतं. तीन-चार महिन्यांनंतर तिथे हाड धरतं. मग एमआरआय, आणि एवढ्याशा जिवाला त्यासाठी भूल द्यावी लागते. "काही नसतं" म्हणणारं कुणी तेव्हा बाहेर बाकड्यावर बसायला येत नाही.

माझ्या मुलाला खळी नव्हती, गाठ होती. कमरेखाली, मधोमध नाही, जरा डावीकडे. हाताला मऊ, वर धडधाकट कातडी आणि केसांचा बारीक झुपका. ढुंगणाची चीरसुद्धा गाठीपाशी एका अंगाला वळलेली. सासूबाई म्हणाल्या, मारुतीरायाची खूण आहे, शनिवारी तेल वाहा. वाहिलं. तेलाने काही बिघडलं नाही. बिघडवलं ते आमच्या गावातल्या सर्जनने. "चरबीची गाठ आहे, शाळेत जायला लागला की लोकल देऊन काढू." ना सोनोग्राफी, ना काही.

चौथ्या वर्षी त्याची डावी चप्पल चालताना निसटायला लागली. दुकानदाराने पावलं मापली, तर डावं एका नंबरने लहान! चड्डी तर कायम ओलसर. बालवाडीच्या बाई म्हणायच्या, सवय लावा. शेवटी पुण्यात एमआरआय केला. मज्जारज्जू एरवी कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. याचा चौथ्यापर्यंत उतरलेला आणि त्या चरबीत रुतलेला. पोरगं उंच होत होतं तसा तो ताणला जात होता. ती गाठ कुणी लोकल देऊन वरच्या वर छाटली असती, तर नसाच कापल्या गेल्या असत्या. न्यूरोसर्जनने रज्जू मोकळा केला. लघवीवरचा ताबा सुधारला, पण पुरता नाही. ठरल्या वेळी नळी घालून काढावी लागते. आता नववीत आहे, शाळेतही स्वतःच करतो. पाऊल मात्र लहानच राहिलं.

आता ते ग्रहणाचं. तुम्हाला सासरी ऐकवतात ना, "ग्रहणात बाहेर पडलीस म्हणून"? माझ्या नणंदेने हेच लावून धरलं होतं, मी सातव्या महिन्यात ग्रहणात विळीवर भेंडी चिरली म्हणून. अहो, बाळाची मज्जानलिका, म्हणजे ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती, गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. तेव्हा बाईचा पाळी चुकली की काय हाच हिशोब चाललेला असतो! जे बिनसायचं ते तिथेच बिनसतं. सातव्या महिन्यात भेंडी चिरा नाहीतर अख्खा फणस फोडा. लग्नकार्यात चार बायकांसमोर नणंद अजून हा विषय काढते, म्हणून एवढं लिहिलं. ग्रहणापेक्षा फॉलिक अ‍ॅसिडची चौकशी करा. रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि तेही दिवस राहायच्या आधीपासून. अर्थात उघड्या पाठीच्या दोषावर, म्हणजे जिथे पाठीवर कातडी न धरता मज्जारज्जू उघडा राहतो तिथे, त्याचा उपयोग पक्का आहे. आमच्यासारख्या झाकलेल्या चरबीच्या गाठीबद्दल तेवढं ठामपणे म्हणता येत नाही.

आणि घाबरून जाऊ नका, बहुतेक खळ्या निरुपद्रवीच असतात. गुदद्वारापासून अडीच सेंटीमीटरच्या आत, मधोमध, पाच मिलिमीटरपेक्षा लहान, आजूबाजूला केस, डाग, गाठ नाही, अशी असेल तर बालरोगतज्ज्ञ सोनोग्राफीलाही नको म्हणतील, आणि ते बरोबरच असेल. त्याहून वर असेल, मोठी असेल किंवा पाणी झिरपत असेल तर थांबू नका. खळीत काडी, कापूस घालून खोली बघायची नाही. ती आत रज्जूपर्यंत गेलेली असली तर मेंदूज्वराला आमंत्रण.

माकडहाडाच्या अगदी टोकाला गाठ लागली तर तो प्रकार वेगळा, टेराटोमा, म्हणजे जन्मतःच असलेली वेगवेगळ्या पेशींची गाठ, असू शकतो, आणि तो मुलींमध्ये जास्त. तिथे "मोठी झाली की बघू" चालत नाही, वय वाढेल तसा कॅन्सरचा धोका वाढतो. लहान मुलांच्या सर्जनकडेच जा. ते गाठीबरोबर माकडहाडही काढतात. ते ठेवलं तर गाठ पुन्हा उगवण्याची शक्यता बरीच असते.