पत्र्यावरचा पाऊस आणि वर्गातला आवाज

प्रश्न: आम्ही चिपळूणजवळ राहतो. घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड करून मी तिथं दहावीच्या मुलांचे क्लास घेते. जोराचा पाऊस लागला की मुलांना माझं बोलणं ऐकूच येत नाही. आतून थर्माकोल लावून घे असं सगळे सांगतायत. लावू का?

उत्तर: ताई, थर्माकोलवर पैसे घालू नका. तो उन्हाला थोडाफार उपयोगी पडतो पण आवाजाला नाही, कारण तो फार हलका असतो, आणि शिवाय आग लागली तर पटकन पेट घेतो, मुलं बसतात त्या खोलीत तो नकोच. बबलवाल्या फॉईलचंही तसंच, गरमी कमी होईल, आवाज जवळपास तेवढाच राहील.

मुळात हा आवाज बाहेरून आत येत नाही, थेंब आपटला की पत्राच थरथरतो आणि तोच वाजतो. पाऊस चालू असताना शिडीवर चढून पत्र्याला आतून तळवा दाबून धरा, तेवढ्या जागेचा आवाज बसलेला लगेच कळेल, ताशावर हात ठेवल्यासारखा. म्हणून पहिलं काम पत्र्याची थरथर मारायची. फॅब्रिकेटरला सांगून पत्रे उतरवून घ्या, पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर, जाळी ताणा, त्यावर ५० मिमीची फॉईलवाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) फॉईल खाली करून अंथरा आणि वरून पत्रा असा आवळून बसवा की तो लोकरीला टेकला पाहिजे. स्क्रू नवीन, रबरी वॉशरवाले घ्या, ढिला स्क्रू वेगळाच खडखडतो.

बजेट असेल तर खाली फॉल्स सिलिंगही करा, १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड आणि त्याच्यावर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर). सिलिंगची फ्रेम शक्यतो भिंतींवर घ्या, पर्लिनला टांगायचीच असेल तर रबर घालून टांगा, नाहीतर थरथर तिथनं सरळ खाली उतरते. आणि आधी गळती बंद करा हो, आपल्याकडच्या पावसात लोकर एकदा भिजली की बसते आणि मग तिचा काही उपयोग राहत नाही.

एवढं करूनही मुसळधार पावसात थोडा आवाज येणारच, पण मागच्या बाकावर बोलणं पोचेल. पत्रे उतरवायचं काम मे अर्धा व्हायच्या आत उरकून घ्या, नंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही.