स्वयंपाकघरात संवाद ऐकू येत नाहीत, कारण ते त्या वायरमध्ये नाहीतच

हॉलमधल्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटरच्या फ्रंट लेफ्टला, म्हणजे पुढच्या डाव्या स्पीकरला, जोड देऊन स्वयंपाकघरात स्पीकर काढलाय, तिथे पार्श्वसंगीत येतं पण बोलणं नाही, आणि आवाज वाढवला की रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) बंद पडतो, असं तुम्ही लिहिलंय. जुनं दुखणं आहे हो हे! यात दोन वेगळे घोळ आहेत.

पहिला साधा. ५.१ मध्ये बहुतेक संवाद सेंटर स्पीकरला जातात, फ्रंट लेफ्टला नाही. रिसीव्हर 'स्टीरिओ'वर टाकून बघा, स्वयंपाकघरात बोलणं लगेच येईल. पण मग हॉलमधला सेंटर मुका होतो, म्हणजे ही फक्त खात्री झाली, उपाय नव्हे.

दुसरा महाग पडणारा. ओहम म्हणजे स्पीकरचा रोध, तो जितका कमी तितका करंट जास्त. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरला ४ ओहम दिसतात. एक ६ चा आणि एक ४ चा असेल तर २.४. मागच्या बाजूला किमान ६ ओहम लिहिलं असेल, तर आवाज वाढवताच करंट झेपत नाही आणि प्रोटेक्शन येतं, म्हणजे रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो. ते आलं तर नशीब समजा.

आता इलेक्ट्रिशियन पुढच्या खेपेला म्हणेल, "लेफ्ट-राइट दोन्ही प्लस एकत्र करून देतो, पूर्ण आवाज येईल." अजिबात करू देऊ नका. असं केल्यावर दोन अँप्लिफायर एकमेकांच्या तोंडात करंट ढकलतात, दोन्ही चॅनेलचा सिग्नल जितका वेगळा तितका जास्त. आउटपुटचा आयसी यातच जातो. डब्यातल्या रेडिमेड होम थिएटरमध्ये तर बऱ्याचदा मायनसही ग्राउंड नसतो, म्हणून मायनससुद्धा एकत्र करायचे नाहीत. माझा बोर्ड यातच गेला. सर्व्हिस सेंटरने 'व्होल्टेज फ्लक्च्युएशन' लिहून नवा बसवला, वायर कुणी तपासलीच नाही, आणि नवाही गेला. तपासणी दोन मिनिटांची होती: सगळ्या वायरी रिसीव्हरपासून सोडवायच्या आणि लेफ्ट प्लस व राइट प्लसच्या टोकांना मल्टिमीटर लावायचा. बीप आला की चूक सापडली. (८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, घाबरू नका.)

माझ्या मते योग्य मार्ग एकच, स्वयंपाकघराला वेगळा छोटा अँप्लिफायर. रिसीव्हरला 'झोन २ प्री-आउट' (दुसऱ्या खोलीसाठी अँप्लिफायरकडे न्यायचा कमी ताकदीचा सिग्नल, म्हणजेच लाइन सिग्नल) असेल तर तिथून आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनची) घ्या. जुन्या मॉडेलांत झोन २ ला एचडीएमआय किंवा ऑप्टिकलचा आवाज जातच नाही, फक्त अ‍ॅनालॉग जातो. मग सेट-टॉप बॉक्सची लाल-पांढरी पिनही रिसीव्हरला लावावी लागते. झोन २ नसेल तर टीव्हीचं हेडफोन आउट, मात्र काही टीव्ही पिन घालताच बाकीचा आवाज बंद करतात, आधी सेटिंग बघा. स्वयंपाकघरात एकच स्पीकर असेल तर अँप्लिफायरकडे जाणाऱ्या लेफ्ट आणि राइट लाइनमध्ये प्रत्येकी १ किलो-ओहमचा रेझिस्टर घालून पुढे दोन्ही जोडा. हे फक्त लाइन सिग्नलवर, स्पीकरच्या वायरवर नाही!

अँप्लिफायर हॉलमध्येच ठेवा आणि १५ मीटरपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाका. मुंबईच्या लोहार चाळीत (विजेच्या सामानाच्या बाजारात) घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. लाइटच्या पाइपात ती घालू नका, हम (घूं असा आवाज) येईल आणि धोकाही आहे; सरळ वेगळी केसिंग पट्टी मारा. स्पीकर गॅसच्या वर नको, तेलाची वाफ स्पीकरच्या आतल्या पडद्यावर (कोनवर) बसते.

ब्लूटूथ कुणीतरी सुचवेलच. साध्या ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर लागतो. स्वयंपाकघराचं दार बंद असेल तर चालतं, पण आपल्या फ्लॅटांत दोन्हीकडचा आवाज एकत्र ऐकू येतो आणि प्रत्येक वाक्य दोनदा कानावर पडतं.

तुमचं मॉडेल माहीत नाही, म्हणून हे सगळं मागचे पोर्ट बघून पडताळा. मागचा फोटो टाकलात तर झोन २ आहे का ते सांगता येईल. तोवर स्वयंपाकघराची जोड काढून ठेवा.