पाणी किती होतं, तेही लिहा
उजनीकाठची हिवाळी पक्षीमोजणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरात कुंभारगावला गेलो, तर रोहित (फ्लेमिंगो) एकही नाही. मागच्या फेब्रुवारीत मात्र मोठा थवा होता. पक्षी कमी झाले का? – एक वाचक, बारामती

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. रोहित चोच उलटी धरून उथळ पाणी आणि चिखल गाळून खातो. पाऊस चांगला झाला की उजनी काठोकाठ भरते आणि डिसेंबरातही काठालगतचं पाणी त्याच्या उपयोगाचं नसतं. कालव्यात आणि नदीत पाणी सुटत गेलं, गाळाचे पट्टे उघडे पडले, की मग थवे उतरतात. त्यामुळे धरण भरलेल्या वर्षी ते उशिरा येतात आणि तुटीच्या वर्षी लवकर दिसतात. डिसेंबरची तुलना फेब्रुवारीशी केली, तर आपण पक्षी नव्हे, पाणी मोजत असतो.

म्हणून पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची धरणसाठ्याची टक्केवारी लिहा. ती वर्तमानपत्रात येते. टक्केवारी उणे असली तरी धरण कोरडं नसतं; तेव्हा मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याखालचं पाणी, वापरात असतो आणि पाणपक्ष्यांना उथळ जागा भरपूर मिळते. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर किती आलंय, ही खूणही चांगली. दर वेळी त्याच जागेवरून काठाचा एक फोटो घ्या. रोहित दिसले नाहीत तर ‘रोहित : 0’ असं स्पष्ट लिहा. कोरी जागा सोडली, तर दिसले नाहीत की पाहिलेच नाहीत, हे पुढे कोणालाच कळत नाही.

प्रश्न : जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत शाळेची बारा मुलं न्यायची आहेत. दुर्बिणी दोनच आहेत. हजारभर पक्ष्यांचा थवा मोजायचा कसा? – एक शिक्षिका, करमाळा

दोन दुर्बिणी म्हणजे दोनच गट. प्रत्येक गटात एक जण पाहून मोठ्याने सांगेल, एक लिहील, एक जण येणाऱ्या-जाणाऱ्या थव्यांवर नजर ठेवील. बाकीचे नुसत्या डोळ्यांनी काठ पाहतील. अर्ध्या तासाने कामं बदला. दुर्बीण 8×42, म्हणजे 8 पटीची, पुरते. 10 पटीची मुलांच्या हातात हलते आणि ओळख बिघडते. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. उजेड समोरून आला तर सगळी बदकं काळीच दिसतात.

थव्याच्या कडेचे 10 पक्षी एकेक करून मोजा. त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा, तशा 10 जागा जोडून 100चा ठोकळा करा आणि तो थव्यावर सरकवत न्या. मात्र थवा सगळीकडे सारखा दाट नसतो. कडेचा विरळ ठोकळा मध्यभागी लावला तर आकडा हमखास कमी येतो, म्हणून मध्यासाठी नवा ठोकळा मोजा. वारकरी (कूट) हे पाणपक्षी बुड्या मारतात, त्यामुळे दोनदा मोजा : एकाने डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून. दोन आकड्यांत पाचव्या हिश्शाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. शिकारी पक्षी वरून गेला आणि थवा उठला, तर तो बसेपर्यंत थांबा आणि पहिल्यापासून सुरू करा.

दोन गटांमध्ये वीजखांबांची रांग किंवा एखादं बेट अशी हद्द आधी ठरवा आणि दोघांनी एकाच वेळी मोजा, नाहीतर तेच चक्रवाक दोन्ही वह्यांत येतात. ‘पुष्कळ’ हा आकडा नव्हे. ओळख पटली नाही तर ‘बदक, ओळख नाही : 150’ असं लिहा, ही नोंदही पूर्ण उपयोगाची असते. ओढूनताणून थापट्या (रुंद चोचीचं बदक) ठरवलेलं बदक मात्र सगळी यादी बिघडवतं.

प्रश्न : चिखलात फिरणारे तपकिरी तुतवार सगळे सारखेच वाटतात. – एक वाचक, दौंड

मागचा भाग सतत वरखाली हलतोय आणि पोटाचा पांढरा रंग मिटलेल्या पंखापुढे खांद्याकडे वर चढलाय, तो सामान्य तुतवार. पाठीवर भरपूर ठिपके आणि डोळ्याच्या मागेपर्यंत जाणारी पांढरी भुवई असेल, तर ठिपकेवाला तुतवार. हिरव्या तुतवाराची पाठ गडद असते आणि भुवई डोळ्यापाशीच संपते. उडताना याच्या पंखांची खालची बाजू काळपट, तर ठिपकेवाल्याची फिकट दिसते. हिरवा बहुधा एकटा, चारीत किंवा ओढ्यात सापडतो. पायांच्या रंगावर विसंबू नका. ठिपकेवाल्याचे पिवळसर पाय चिखलाने झाकले जातात.

प्रश्न : होडी रोहितांच्या किती जवळ न्यावी? – एक वाचक, पुणे

मीटरपेक्षा पक्ष्याची मान पाहा. चरणाऱ्या रोहितांची डोकी पाण्यात असतात. माना ताठ झाल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला, की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. रोहिताला उडण्याआधी पाण्यावरून धावावं लागतं. एकामागून एक होड्यांनी तेच करायला लावलं तर सकाळचं चरणं बुडतं. तेव्हा होडीत बसण्यापूर्वीच नावाड्याला सांगून ठेवा : “दादा, लांबच थांबवा आणि इंजिन बंद करा, पुढे वल्ह्याने जाऊ.”