नवं कटिंग मशीन घेण्याआधी जुन्याचा पॉवर सप्लाय बघा

सांगलीत विश्रामबागला रेडियम-स्टिकरचं दुकान चालवणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: 2014 साली घेतलेलं व्हिनाइल कटिंगचं मशीन ऐन कामात झटका देऊन बंद पडतं आणि पुन्हा चालू होतं. अर्धवट कापलेलं अक्षर तसंच राहतं, शीट वाया जाते. विक्रेता म्हणतो, जुनं झालं, नवं 65,000 ला घ्या. त्याच्याच ओळखीच्या फायनान्सकडून 60,000 रुपये, 16 टक्के व्याज, 24 हप्ते. कटिंगमधून माल आणि वीजबिल वजा जाता महिन्याला 14,000 सुटतात. घेऊ का?

दादा, आज घेऊ नका. नवं मशीन वाईट म्हणून नव्हे, तर जुन्याचं नेमकं काय बिघडलंय हे अजून कुणी मोजलेलंच नाही म्हणून.

या कर्जाचा हप्ता साधारण 2,940 रुपये बसेल. दोन वर्षांत 70,500 फेडाल, म्हणजे 10,500 नुसतं व्याज, आणि दर महिन्याच्या कमाईचा पाचवा हिस्सा बांधला जाईल. हा बोजा न मोजलेल्या दुखण्यासाठी उचलू नये.

तुम्ही सांगितलेली लक्षणं मला पॉवर सप्लायची वाटतात. आतला एसएमपीएस, म्हणजेच हा पॉवर सप्लाय, 230 व्होल्टचे मोटरसाठी बहुधा 24 किंवा 36 आणि बोर्डासाठी 5 व्होल्ट करतो. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, वर्षानुवर्षं तापून सुकतात. मग मशीन नुसतं उभं असताना सगळं ठीक दिसतं, पण कापणारं हेड पळायला लागलं, मोटरने करंट ओढला, की व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. म्हणून रीडिंग घ्यायचं ते कटिंग चालू असताना. उभ्या मशीनवर 24 आणि कापताना 18 दिसले, तर दोषी सापडला. कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. पुरीसारखं फुगलं असेल किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल, तर तो गेलेला आहे. सकाळी थंड मशीन दोन-तीनदा स्विच केल्यावरच चालू होत असेल, तर तीही त्याचीच खूण.

हे काम इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर जाड तार घालून चालवू नका, ही कळकळीची विनंती. सप्लाय बदलायचा झाला, तर व्होल्ट तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. दुकानाचं अर्थिंगही त्याच फेरीत तपासून घ्या.

दुरुस्तीला चार दिवस गेले असं धरू. महिन्याचे 25 दिवस धरले, तर रोजचे 560 म्हणजे 2,240 चं नुकसान. एका हप्त्यापेक्षाही कमी. मात्र दसऱ्याला नव्या गाड्या आणि पाठोपाठ उसाच्या ट्रॉल्या दारात येतात, तेव्हा हेच चार दिवस महागात जातील. तेव्हा तपासणी आत्ता, या आठवड्यात. तेवढ्यापुरतं शेजारच्या एखाद्या दुकानदाराकडून कटिंग करून घ्यायचं बोलून ठेवा.

मशीन दुरुस्त झालं तरी अकरा-बारा वर्षांचंच राहणार. म्हणून हप्त्याएवढेच 2,900 रुपये बँकेच्या आवर्तक ठेवीत टाका. वीस महिन्यांत 58,000 आणि वर व्याज, तेही तुम्हाला मिळणारं. नवं मशीन तेव्हा घ्या, रोख.

माझं मत बदलेल ते दोन बाबतींत. सप्लाय बरोबर असूनही मशीन रीसेट होत असेल, तर दोष मेन बोर्डात असू शकतो. त्याचा खर्च 15,000 च्या वर सांगितला, तर मी तो करणार नाही. दुसरं, 2019 च्या महापुरात हे मशीन पाण्यात होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होतं असेल, तर बोर्डावर गंज आत आत खात असतो, आज सप्लाय बदलला तरी उद्या दुसरं काही निघेल. तेव्हा नवंच घ्या, पण विक्रेत्याच्या फायनान्सवर सही करण्याआधी तुमचं खातं आहे त्या बँकेत मुद्रा कर्जाचा व्याजदर विचारा. 60,000 ची रक्कम त्यातल्या किशोर गटात बसते आणि तिला तारण लागत नाही, त्यामुळे घरातलं सोनं कपाटातच राहू द्या.