मुंबई–लंडन विमान: जाताना दहा तास, येताना नऊ का?

प्रश्न: मुंबई ते लंडन हवाई अंतर ७,२०० किलोमीटर दाखवतात. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर आठ तास पुरावेत. मग जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास का लागतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ७,२०० हे गोल पृथ्वीवरचे सर्वांत कमी अंतर आहे. ती रेषा कराचीजवळून इराण, कॉकेशस, क्रिमिया आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना मनाई केली, तेव्हापासून त्यांची विमाने अरबी समुद्रावरून निघू लागली. अशा वळशांनी काही शे किलोमीटर सहज वाढतात.

पण जाण्या-येण्यातला फरक वाऱ्याचा आहे. ९०० हा विमानाचा हवेतला वेग. जमिनीवरचा वेग वारा ठरवतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते आणखी तीव्र होतात. प्रत्यक्ष मार्ग ७,६०० किलोमीटर आणि सरासरी वारा ताशी ८० किलोमीटर धरून पाहा. जाताना वेग ८२०, म्हणजे सव्वानऊ तास. येताना ९८०, म्हणजे पावणेआठ. फरक दीड तासाचा!

यात जमिनीवरचा वेळ मिळवायचा. वेळापत्रकातला काळ गेटवरून निघाल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा नव्हे. धावपट्टीपर्यंतची रांग, चढताना-उतरताना कमी असलेला वेग आणि गर्दीच्या वेळी लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ आकाशात घिरट्या घालत थांबणे, यांत मिळून अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून अंतर भागिले वेग या हिशेबावर विसंबू नये. तिकिटावरच्या वेळा घ्याव्यात.

प्रश्न: तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. प्रवासाचे तास कसे काढायचे?

उत्तर: भारत लंडनच्या पुढे आहे: उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. जाताना हा फरक मिळवा, येताना वजा करा. समजा, जुलैत मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ६ ला पोहोचायचे आहे. घड्याळात ५ तास, अधिक साडेचार, म्हणजे साडेनऊ. परतताना रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मुंबई: साडेतेरा उणे साडेचार, म्हणजे ९ तास.

हिशेब बहुधा चुकतो तो ऋतूबदलाला. ब्रिटनची घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. भारताची कधीच हलत नाहीत. जाणे ऑक्टोबरमध्ये आणि परतणे नोव्हेंबरमध्ये असेल तर दोन्ही वेळा वेगळा फरक धरावा लागतो.