नववीच्या मुलांना आवाज आणि चित्रं ओळखणारी एआय शिकवायची आहे, पण मला स्वतःला प्रोग्रॅमिंग फारसं येत नाही. सुरुवात कुठून करू?

मलाही येत नव्हतं. मी विज्ञानाचा मास्तर. हा विषय माझ्या गळ्यात पडला तेव्हा पहिले दोन तास मी फळ्यावर व्याख्या लिहिल्या आणि न्यूरल नेटवर्कचे, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या एआयच्या रचनेचे, गोळे-रेषा काढल्या. मुलं मुकाट्याने वहीत उतरवून घेत होती. वर्ग इतका शांत असला की समजावं, डोक्यात काही शिरत नाहीये.

आता मी चौकटींच्या वहीपासून सुरू करतो. बारा बाय बारा चौकटींत एक आकडा काढायचा. रेघ गेली ती चौकट १, बाकीच्या ०. मग पाठीला पाठ लावून बसलेल्या जोडीदाराला फक्त एक-शून्य वाचून दाखवायचे आणि त्याने चित्र उभं करायचं. यंत्राला चित्र असंच ‘दिसतं’, हे वेगळं सांगावं लागत नाही. हस्तलिखित आकड्यांचा एमनिस्ट नावाचा प्रसिद्ध संग्रह असाच आहे: २८ बाय २८ चौकटी, ७०,००० चित्रं. फक्त तिथे ०-१ ऐवजी करड्या छटांचे ० ते २५५ आकडे असतात.

मग गूगलचं टीचेबल मशीन उघडा; नमुने दाखवले की ते त्यांवरून ओळखायला शिकतं. फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं, कोड लिहावा लागत नाही. मी मुद्दाम ३ आणि ६ देतो. मुलं कागदावर आकडे काढून वेबकॅमसमोर धरतात, प्रत्येकी तीसेक फोटो. वेबकॅमवर तपासलं की सगळं बरोबर! मग मी मोबाइलने काढलेला ३ चा फोटो त्यात टाकतो आणि यंत्र बेधडक सांगतं, ६. वर्गात दंगा. कारण शोधायला मी त्यांना दहा मिनिटं देतो, तोंड उघडत नाही. वेबकॅमचं चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, म्हणजे यंत्र शिकलं ते उलटे ३. आणि उलटा ३ म्हणजे जवळजवळ ६; छत्तीसचा आकडा उगाच नाही म्हणत! मांजराचा फोटो उलटा केला तरी मांजरच राहतं, म्हणून नमुन्याच्या फोटोंची संख्या वाढवायला लोक ही युक्ती सर्रास वापरतात. आकड्यांना ती चालत नाही. एवढं मुलांना स्वतःहून सापडलं तर महिनाभराचं काम झालं.

चेहऱ्यांचे फोटो मात्र घेऊ नका. पालकांच्या परवानगीचा प्रश्न येतो, आणि वर्गात कोणाच्या तरी रंगारूपावर हसणं सुरू होतं. पानं घ्या, भाज्या घ्या.

आवाजासाठी ऑडॅसिटी, हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर. ‘सासू’ आणि ‘मामा’ रेकॉर्ड करून स्पेक्ट्रोग्राम दाखवा, म्हणजे खालून वर चढत्या स्वरांचं आणि डावीकडून उजवीकडे वेळेचं चित्र: ‘स’चा धुरळा वरच्या बाजूला उडालेला, ‘म’चे पट्टे खाली. आवाजाचंही चित्रच होतं, हे इथे कळतं. टीचेबल मशीन आवाजाचे सेकंदाचे तुकडे करून हेच करतं.

त्यात आधी नुसत्या वर्गाचा आवाज द्यावा लागतो, किमान वीस तुकडे. आम्ही यंत्राला ‘थांब’ हा शब्द ओळखायला शिकवत होतो, आणि वर्गाचा आवाज पंखे चालू असताना दिला. नंतर वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू, पंखे बंद, आणि कोणी काही बोलत नसताना यंत्राला ‘थांब’ ऐकू यायला लागलं. मी ठरवूनही इतका चांगला प्रयोग आखला नसता.

तुमची शाळा सीबीएसईची असेल तर नववी-दहावीला एआयचा ४१७ कोडचा विषय आहे, त्याच्या अभ्यासक्रमात पायथनही येतं. ते नंतर करा. आधी एकदा सगळ्या नमुन्यांत फक्त मुलींचे आवाज भरून बघा. आमच्याकडे तसंच झालं होतं, आणि नववीतल्या आवाज फुटलेल्या पोरांचा ‘थांब’ यंत्र ओळखेना. एकाने चिडून विचारलं, ‘सर, माझ्यात खोट आहे का?’ पुढच्या तासाला पटावरच्या प्रत्येकाचा ‘थांब’ घेतला. आता पोरांचा ओळखतं. शिपाईमामांचा अजून नाही.